पत्रपेटीवरची पट्टी

गेल्या आठवड्यात एका गुणपत्रिकेची मूळ प्रत हवी होती. जर्मनीत ग्योटिंगेनला केलेल्या दोन सत्रांची क्रेडिट्स इथल्या विद्यापीठानं धरावीत म्हणून अर्ज करायचा होता, म्हणून परत आल्यापासून न उघडलेली काळी फाइल कपाटावरून खाली काढली. तिकडे हिला 'ऑर्डनर' म्हणतात. जाड पुठ्ठा, आत लोखंडी कमानी आणि फळीवरून बोटानं ओढता यावी म्हणून पाठीवर एक गोल भोक. वर्षभरातला एकही कागद मी टाकलेला नव्हता. पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, 'ही माझ्या घरात राहते' असं घरमालकानं लिहून दिलेला कागद, बँकेची पत्रं, दर आठवड्याला सोडवून दिलेली गणितं आणि त्यांवरचे लाल शाईतले शेरे. बीजगणिताच्या सातव्या आणि आठव्या प्रश्नसंचाच्या मध्ये एक बंद पाकीट निघालं. फिकट निळं, पत्ता हातानं लिहिलेला. रस्ता माझा, घराचा क्रमांक माझा. नाव मात्र माझं नव्हतं.

ते नाव इथे लिहीत नाही. माझ्याआधी त्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं ते पत्र. माझ्या पहिल्या नोव्हेंबरात आलं होतं. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, नावही नाही. फक्त चिकटवलेल्या टोकावरून पेनानं ओढलेली एक बारीक आडवी रेघ आहे, पत्र कुणी मध्येच उघडलं तर कळावं म्हणून आपल्याकडेही ओढतात तशी. मी ते उघडलं नाही. पण ज्याचं त्याला पोचवलंही नाही. आठ-नऊ महिने ते आधी खोलीतल्या हीटरवरच्या खिडकीच्या कट्ट्यावर होतं, मग टेबलाच्या खणात, मग फाइलमध्ये. आणि आता माझ्याबरोबर विमानातून इतक्या लांब येऊन बसलंय.

दुसऱ्याचं पत्र जवळ राहिलं की झोप नीट लागत नाही, हे मला या आठवड्यात कळलं.

नाव ही गोष्ट त्या गावात मला किती उशिरा समजली, ते सांगायला हवं. गेल्यावर पहिले तीन आठवडे मी बँकेच्या कार्डाची वाट बघत होते. 2024 चा ऑक्टोबर होता. विद्यार्थी-व्हिसासाठी तेव्हा 11,904 युरो आधीच एका बांधलेल्या खात्यात भरून ठेवावे लागत आणि त्यातले महिन्याला 992 सुटत. ते सुटून जिथे यायचे, त्या खात्याचं कार्ड काही हातात पडेना. घरून नेलेल्या नोटा मोजून मोजून खर्च करत होते. रोज संध्याकाळी जिन्याखालच्या पत्रपेट्यांसमोर उभी राहायचे, फटीतून आत बघायचे. बँकेत विचारलं तर उत्तर आलं, पाठवलंय. पुन्हा विचारलं, परत आलंय. शेवटी एका रात्री स्वयंपाकघरात माझ्याबरोबर राहणाऱ्या मुलानं, तो वनविद्या शिकत होता, हातातला कप खाली ठेवून विचारलं, "तुझं नाव लावलंयस ना पेटीवर?"

मी म्हटलं, "पत्ता बरोबर दिलाय की."

तो काही बोलला नाही. उठला, खणातून चिकटपट्टी काढली, एका वहीच्या पानाची बोटभर पट्टी कापली आणि माझ्यापुढे ठेवली. तिथे फ्लॅटला नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, आणि त्यापुढे दारावरच्या घंट्यांवर आणि पेट्यांवर आडनावं. पोस्टमन आडनाव शोधतो. ते दिसलं नाही तर त्याच्या लेखी तुम्ही तिथे राहत नाही, आणि पत्र आल्या पावली परत. सरकारदरबारी मी दोन आठवड्यांच्या आत जाऊन रीतसर नोंदणी केली होती, शिक्क्याचा कागद होता, विद्यापीठाचं ओळखपत्र होतं. पण त्या पेटीला मी माहीत नव्हते. ठळक अक्षरांत आडनाव लिहून आम्ही दोघं खाली गेलो आणि आधीच्या एका पट्टीवर ती चिकटवली. चार दिवसांनी कार्ड आलं. मग पिनचं पत्र वेगळं आलं, कर विभागाचा अकरा आकडी क्रमांक आला, आकाशवाणी-दूरदर्शनच्या शुल्काचं महिन्याला 18.36 युरोंचं पत्र आलं. ते घरटी असतं, आम्ही तिघांनी वाटून घेतलं. सगळं कागदावर, सगळं पाकिटात. माझ्या नावानं इतकी पत्रं मला आयुष्यात कधी आली नव्हती. प्रत्येक पाकिटावर आपलं आडनाव बघताना काय वाटायचं हे सांगणं अवघड आहे. पत्र शुल्काचं असलं तरी बरं वाटायचं.

त्यातच ते निळं पाकीट आलं. ज्या पट्टीवर मी माझी पट्टी चिकटवली होती, तिच्यावरचं नाव त्यावर होतं. पोस्टमनला ते नाव पाठ असणार. पट्टी दिसत नसतानाही त्याच्या हातानं बरोबर पेटी शोधली होती.

ग्योटिंगेनमध्ये नावांकडे दुर्लक्ष करून चालताच येत नाही. जुन्या गावातल्या घरांवर 300 हून जास्त पाट्या आहेत, पांढऱ्या दगडाच्या, त्यांवर नाव, माणूस कोण होता ते, आणि तो त्या घरात कोणत्या वर्षांत राहिला ते. गणिती गाउस आहे, कवी हाइने आहे. हाइने तिथे विद्यार्थी होता. पहिल्या खेपेला द्वंद्वयुद्धाच्या भानगडीवरून त्याला विद्यापीठानं काढलं, नंतर परत येऊन 1825 मध्ये त्यानं तिथेच कायद्याची डॉक्टरेट घेतली. मी रोज संस्थेकडे जाताना या पाट्या वाचत जायचे. सगळ्यात आधी नजर वर्षांवर जायची. कुणी चाळीस वर्षं, कुणी दोन, कुणी एकच. एकाच वर्षासाठीही पाटी लागते, हे बघून पहिल्या महिन्यात मला वेडीला उगाचच धीर यायचा. एकदा ग्रंथालयात बसले असताना कीलहॉर्न यांच्याबद्दल वाचलं. पतंजलीच्या महाभाष्याची प्रत सिद्ध करणारे हे गृहस्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 15 वर्षं संस्कृत शिकवून 1882 मध्ये ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. रा. गो. भांडारकरांना 1885 मध्ये याच विद्यापीठानं मानाची डॉक्टरेट दिली होती. म्हणजे माझ्या वाटेनं माणसं आधीपासून येत-जात होती, उलट्या दिशेनंही. त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना तिथे गेल्यावर इथलं काय आठवत असेल गं?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही मी तो प्रश्न मनात घोळवते.

पण ज्या नावानं मला खरं धरून ठेवलं ते गणितज्ञ एमी नोएथरचं. गणित शिकणाऱ्याला तिचं नाव नवं नसतं. बीजगणितातल्या 'रिंग', 'आयडियल' अशा कल्पना, सगळीकडे ती आहेच. हिल्बर्ट आणि क्लाइन या तिथल्या गणितज्ञांनी तिला 1915 मध्ये ग्योटिंगेनला बोलावलं. बाई म्हणून विद्यापीठ तिला शिकवण्याचा अधिकार देईना, तेव्हा तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावानं जाहीर व्हायची आणि शिकवायची ती. चार वर्षं असं चाललं. 1919 मध्ये तिला स्वतःच्या नावानं शिकवता आलं, आणि 1933 मध्ये ज्यू म्हणून काढून टाकलं. नोकरी गेल्यावरही ती मुलांना घरी बोलावून शिकवत राहिली. मग अमेरिकेला गेली आणि दोन वर्षांत तिकडेच वारली. हे सगळं मला इथे असताना माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं. पण बुन्सनष्ट्रासेवरच्या त्याच गणितसंस्थेत, 1929 मध्ये उघडलेल्या त्याच इमारतीत, बाकावर बसून तिचं प्रमेय फळ्यावर उतरताना पाहिलं, तेव्हा 'दुसऱ्याच्या नावानं' या शब्दांचा घाव बसला. चार वर्षं दारावर आपलं नाव नाही आणि आत आपण शिकवतोय. मी तीन आठवडे पेटीवर नाव नव्हतं म्हणून रडले होते.

त्याच रस्त्यांवर खाली बघून चाललं की आणखी नावं दिसतात. फरशीत बसवलेले तळहाताएवढे पितळी चौकोन, नाझींनी छळलेल्या माणसांच्या आठवणीचे. 'इथे राहत होते' अशी सुरुवात, मग नाव, जन्मवर्ष, कुठे नेलं आणि काय झालं. पावसानंतर ते चमकतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी काही पडलंय, आणि उचलायला वाकले. वाकल्यावर वाचलं. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता तरी मला हलता आलं नाही. माझ्या कागदी पट्टीशी त्या पितळी चौकोनाची तुलना होऊच शकत नाही, मी करतही नाही. एवढंच सांगते की त्या संध्याकाळी घरी आल्यावर निळं पाकीट मी खिडकीच्या कट्ट्यावरून उचलून खणात ठेवलं. समोर दिसत राहिलेलं सहन होईना.

परत का केलं नाही? पद्धत साधी होती, नंतर कळली. पाकिटावर 'उन्बेकान्ट फेअरत्सोगन' लिहायचं, म्हणजे घर सोडून गेली, कुठे ते ठाऊक नाही, आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत टाकायचं. पण हे कळलं तेव्हा जानेवारी उजाडला होता, दोन महिने उलटले होते, आणि उशीर झालेलं काम जसं दिवसागणिक जड होतं तसं ते झालं. शिवाय पाठवणाऱ्याचा पत्ताच नाही, तर ते परत तरी कुठे जाणार, असंही मी मनाला समजावलं. खरं कारण वेगळं असावं. त्या हिवाळ्यात हातानं पत्ता लिहिलेलं असं एकच पाकीट माझ्या खोलीत आलं होतं.

हिवाळा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. त्या दिवसापर्यंत घर साडेतीन तास लांब होतं, रात्रीतून साडेचार तास झालं. आई जागी आहे तोवर फोन करायचा तर संध्याकाळी सहाच्या आत करायला हवा आणि मी तर तेव्हा व्याख्यानातून बाहेर पडत असायचे. डिसेंबरात चारनंतर थोड्याच वेळात सूर्य जायचा. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागायचा आणि ठरलेल्या वेळानं आपला आपण विझायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये तो नेमका जायचा. अंधारात वरच्या बटणाचा नारिंगी ठिपका तेवढा दिसायचा. लाकडी पायऱ्यांना मेणाच्या पॉलिशचा वास, ओल्या लोकरी कोटाचा वास, पाठीवर वह्यांचं ओझं. त्या ठिपक्याकडे बघत मी सोळा पायऱ्या मोजत चढायचे. पुढे पुढे मोजायची गरज उरली नाही, पायच ओळखायला लागले. मग मार्चअखेर एका रविवारी तो गेलेला तास परत मिळाला. आईला फोनवर म्हटलं, घर एक तास जवळ आलं. ती हसली, पण मला हसू येत नव्हतं. मला खरोखर तसंच वाटत होतं.

अभ्यासाबद्दल लोक फार विचारतात आणि माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. दहाचा तास सव्वादहाला सुरू व्हायचा, वेळापत्रकातच तसं धरलेलं असतं. एकावर एक सरकणारे फळे, ते आधी ओल्या स्पंजानं पुसायचे, मग रबरी पट्टीनं वरून खाली पाणी निपटून काढायचं. प्राध्यापक स्वतः हे करायचे आणि ते करत असताना वर्गात कुणी बोलायचं नाही. काळा फळा हळूहळू सुकत फिकट होत जाताना बघणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात शांत वेळ होता. तास संपला की सगळे बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक करायचे. पहिल्यांदा मी दचकले, कुणावर तरी चिडलेत असं वाटलं. ते आभार असतात. पहिल्या प्रश्नसंचात मला सोळापैकी तीन गुण पडले होते आणि परीक्षेला बसायला निम्मे लागतात. जानेवारीत एकदा तेरा पडले. त्या दिवशी तास संपल्यावर मी इतक्या जोरात टकटक केलं की पेरं लाल झाली.

आणि तळमजल्यावरच्या आजी. मनात मी त्यांना आजीच म्हणायचे, तोंडानं 'फ्राउ', म्हणजे श्रीमती, आणि आडनाव. त्यांच्या दारावरची पाटी पितळेची, अक्षरं पुसून पुसून गुळगुळीत झालेली. पन्नासेक वर्षं त्या तिथे राहत होत्या. त्यांच्याशी बोलताना 'झी', म्हणजे आपलं 'तुम्ही'. आम्हा मराठी माणसांना हे शिकवावं लागत नाही. फक्त एक फरक मला शेवटपर्यंत नीट पचला नाही. तिकडे 'झी' वरून 'दू' वर, म्हणजे 'तू' वर, यायचं तर वडीलधाऱ्यानं तसं बोलून दाखवावं लागतं, आणि वर्षानुवर्षं शेजारी राहूनही कुणी ते बोलत नाही. आपण आईला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो, आणि त्यासाठी कुणाची परवानगी काढत नाही. आजी हिवाळ्यात माझ्यासाठी जिन्याच्या कठड्यावर वाचून झालेलं वर्तमानपत्र ठेवायच्या, कठीण शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारून. मी त्यांच्या काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून कोपऱ्यावरच्या टाक्यांत टाकून यायचे, रविवार सोडून, कारण रविवारी आवाज करायचा नाही. एवढंच आमचं येणंजाणं.

निघायच्या आठवडाभर आधी पत्ता रद्द केल्याचा कागद घेऊन मी परत येत होते. आजी दारात उभ्या होत्या. आत बोलावलं, खुर्ची दाखवली, आणि जरा ताठ बसून म्हणाल्या, "आता आपण एकमेकींना 'दू' म्हणूया." स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि हात पुढे केला. मी हात हातात घेतला. त्या मग माझ्याआधीच्या मुलीबद्दल बोलल्या. ती शीळ घालत जिना उतरायची, तिची चाहूल त्यांना पार बंद दारातून लागायची. "तू मात्र अगदी अलगद उतरतेस," म्हणाल्या. तीच वेळ होती पत्राचं सांगायची. ती मुलगी कुठे गेली हे त्यांना नक्की माहीत असणार. पण मग इतके महिने ते माझ्याजवळ का आहे तेही सांगावं लागलं असतं, आणि नुकत्याच मिळालेल्या त्या 'दू' वर मला डाग पडू द्यायचा नव्हता. मी गप्प बसले. पुढचे सात दिवस मला 'दू' म्हणताही आलं नाही. 'झी' ही म्हणवेना. दोन्ही टाळून बोलता येतील अशी वाक्यं मी जिन्यातच जुळवून ठेवायचे. बाटल्या आहेत का? उद्या पाऊस दिसतोय. त्यांच्या लक्षात आलं असेल.

निघायच्या सकाळी सहाच्या सुमाराला मी पेटीवरची पट्टी काढली. नखानं कोपरा उचलला. चिकटपट्टी पिवळी पडली होती, कडांना धूळ धरली होती. माझ्या पट्टीबरोबर खालची अर्धी फाटून आली, आणि तिच्याखाली तिसरी दिसली, शाई उडालेली, वाचता न येणारी. तिच्याही खाली गोंदाचा जुना तपकिरी थर होता. मी तिथे कुणाच्या तरी नंतर राहिले होते आणि दुपारी कुणीतरी माझ्यानंतर राहायला येणार होतं. पट्टी खिशात टाकली. बाहेर आल्यावर पाहिलं, आजींच्या खिडकीत दिवा होता. दार वाजवलं नाही, इतक्या सकाळी कसं वाजवायचं. बॅगेची चाकं दगडी फरशीवर फार वाजतात म्हणून ती कोपऱ्यापर्यंत उचलून नेली.

गुणपत्रिका मिळाली, अर्ज दिला. निळं पाकीट चार दिवस टेबलावर होतं. काल त्याच्यापेक्षा मोठं एक पाकीट आणलं. त्यावर मुलीचं नाव घालून उपयोग नाही, तिचं नाव आता कुठल्याच पेटीवर नाही, आणि अर्धं तर माझ्याबरोबर इथेच आलंय. पण तळमजल्यावरची पितळी पाटी जागची हलणार नाही, पोस्टमनला ती सापडणारच. म्हणून पत्ता आजींचा घातला. निळं पाकीट आत सरकवलं. बरोबर चिठ्ठी हवी. हे कुणाचं, कधी आलं, मी ते का ठेवून घेतलं, आणि तिच्यापर्यंत पोचवता येईल का.

चिठ्ठी लिहायला रात्री बसले. सगळी वाक्यं जर्मनमध्ये मनाशी जुळवून झाली होती, पण पहिल्याच ओळीत अडले. 'दू' टाळून लिहिता येतं का ते करून पाहिलं, दोन कागद गेले. येत नाही. समोर माणूस नसताना तर नाहीच येत. पत्रात हा शब्द लहान अक्षरानं लिहिला तरी चालतो, कुणी आदरानं मोठ्या अक्षरानं लिहितात. तिसरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरानं लिहिला.